भरीव त्रिकोण, पोकळ त्रिकोण

आमच्या मेव्हण्यांना गाण्यातलं काही कळत नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. समोर बोललेलो आहे, आणि "खरं आहे भावोजी," असं म्हणून त्यांनी ते मान्यही केलेलं आहे. भूप आणि देसकार ह्यांतला फरक त्यांना विचारू नये. यमन ओळखू येतो, पण गाणाऱ्याने आधी 'यमन' असं सांगितलं तर. आणि असं असून गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आजमितीला साडेतीन हजार रेकॉर्डी आहेत. पलंगाखाली आहेत, पोटमाळ्यावर आहेत, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, जिथे चारचौघं उदबत्त्या आणि कापूर ठेवतात, तिथेही आहेत. पिठाच्या डब्यात नाहीत, कारण डबा वाटोळा असला तरी रेकॉर्डीपेक्षा लहान भरतो. हे मोजून पाहिलेलं आहे, असं वहिनी सांगतात.

मग हा माणूस एवढ्या रेकॉर्डींचं करतो काय? तर वाचतो. रेकॉर्डीच्या मधोमध तो वाटोळा कागद चिकटवलेला असतो ना, लेबल, ते वाचतो. डोळ्याला भिंग लावून वाचतो. ज्योतिषी पत्रिका बघताना जसा मधूनच "हं" करतो आणि मुलीच्या बापाच्या पोटात गोळा येतो, तसा "हं" करत वाचतो. ज्योतिष्याला निदान मुलगी कशी दिसते ह्याची थोडी उत्सुकता असते. आमच्या मेव्हण्यांना रेकॉर्ड कशी वाजते ह्याची तेवढीही नाही.

हा विषय त्यांनी मला पहिल्यांदा समजावला तो आमच्या दादरच्या घरी, दसऱ्याच्या दिवशी, श्रीखंड खाताना. पिंक फ्लॉइड नावाची एक विलायती मंडळी आहे. त्यांची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही रेकॉर्ड १९७३ साली निघाली आणि जगभर कोट्यवधी खपली. म्हणजे दुर्मिळ वगैरे मुळीच नाही. पण इंग्लंडात अगदी सुरुवातीला ज्या प्रती निघाल्या, त्यांच्या लेबलावरचा त्रिकोण आतून निळ्या रंगाने भरलेला होता. पुढच्या प्रतींवर नुसती त्रिकोणाची निळी कड राहिली, आत काही नाही.

"बरं मग?" मी म्हटलं.

"मग काय भावोजी! भरीव त्रिकोण आणि पोकळ त्रिकोण!"

"गाणी वेगळी आहेत का?"

"गाणी तीच."

"मग फरक काय?"

मेव्हण्यांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. आमच्या बहिणीचं लग्न कुठल्या घरात झालं आहे, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. "फरक," ते म्हणाले, "किमतीत आहे."

शाळेत भूमितीच्या मास्तरांनी मला एकदा सांगितलं होतं की त्रिकोणाचं क्षेत्रफळ आयुष्यात कधी ना कधी उपयोगी पडेल. ते असं पडायचं होतं.

बीटल्सच्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डीचं प्रकरण तर ह्याहून बारीक आहे. ती 'प्लीज प्लीज मी' २२ मार्च १९६३ ला लंडनला निघाली. पार्लोफोन कंपनीचं लेबल तेव्हा काळं, त्यावर सोनेरी अक्षरं. कंपनीने नेमकं त्याच सुमारास लेबल बदलून काळ्यावर पिवळी अक्षरं आणली. म्हणजे सोनेरी अक्षरांच्या प्रती पहिल्या काही आठवड्यांतल्याच. त्यांतही पुन्हा पोटजाती आहेत. गाण्यांचे प्रकाशक म्हणून आधी डिक जेम्स हे नाव छापलेलं होतं, मग नॉर्दर्न साँग्ज हे आलं. डिक जेम्सवाली जात वरची. त्यातही दोन कर्ण्यांची, म्हणजे स्टीरिओ प्रत असेल तर ती कोकणस्थांतले चित्पावन, चित्पावनांतलेही पुन्हा गुहागरचे, अशा थाटाची. तिला हजारो पौंड मोजणारे लोक आहेत. आणि पौंडांवरून सांगायचं तर पार्लोफोनच्या लेबलावर पौंडाच्या खुणेसारखी जी खूण दिसते, ती पौंडाची खूण नव्हेच. तो कार्ल लिंडस्ट्रॉम ह्या जर्मन कंपनीच्या नावातला 'एल' आहे. हे मला मेव्हण्यांनी सांगितलं, आणि तेव्हापासून मीही ते लग्नाच्या पंगतीत दोन-तीन जणांना सांगितलं आहे. त्यांनी जेवणं थांबवली नाहीत.

लेबलाने समाधान झालं नाही तर त्याच्या बाहेर जायचं. गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर काही अक्षरं कोरलेली असतात. ह्या पार्लोफोनच्या मालक कंपनीच्या, म्हणजे ई.एम.आय.च्या इंग्लंडातल्या कारखान्यात 'ग्रामोफोन लिमिटेड' हे नाव इंग्रजीत आखडून त्याची दहा अक्षरं केलेली होती. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, ए म्हणजे तीन, असं करत करत शेवटचा डी म्हणजे शून्य. रेकॉर्ड दाबायचा धातूचा साचा काही शे प्रती काढल्या की झिजतो. मग दुसरा घ्यायचा. कितवा साचा ते ह्या अक्षरांत लिहायचं. आमच्या लहानपणी कापडवाले असंच करत. साडीच्या चिठ्ठीवर गुप्त अक्षरांत खरेदीची किंमत लिहिलेली असे, आणि आई घासाघीस करत असताना दुकानदार त्या चिठ्ठीकडे बघून "ताई, आमच्याच घरात पडत नाही," असं म्हणे. ती अक्षरं वाचता आली असती तर आईने मुंबईतली निम्मी दुकानं बंद पाडली असती.

बरं, हे सगळं विलायतेचं. आपला काय संबंध? तर आहे. विजेच्या ग्रामोफोनचा जमाना आला तसं इंग्लंडने ७८ गतीच्या लाखेच्या रेकॉर्डी १९६० च्या सुमारास काढायच्या बंद केल्या. बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली ती १९६२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे बीटल्सची ७८ ची रेकॉर्ड इंग्लंडात असूच शकत नाही. पण आपल्याकडे गावोगाव वीज कुठे होती? चावीचे फोनो चालूच होते. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कुंदनलाल सैगल आणि पंकज मलिक ह्यांच्या रेकॉर्डी जशा निघत, तशाच बीटल्सच्याही निघाल्या, त्याच ७८ च्या गतीला. विलायतेतले मोठमोठे संग्राहक ह्या डमडमच्या बीटल्ससाठी तडफडतात. चावीच्या फोनोवर, दर रेकॉर्डीला सुई बदलून, पँट-शर्टातल्या कुणी भारतीयाने बीटल्स ऐकले, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही.

मेव्हण्यांच्या ह्या वेडाला मी पुष्कळ दिवस हसत आलो. मुंबईत १९९० सालापासून भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्था आहे. तिथली मंडळी लेबलं आणि नंबर जुळवून कोण, काय, कधी गायलं ह्याच्या नोंदी करतात. वडाळ्याला कारखाना असलेली 'यंग इंडिया' कंपनी असो की आणखी कुठली, तिच्यावर कोण कोण गायलं ते शोधून काढतात. ते शास्त्र झालं. मेव्हण्यांचं आपलं त्रिकोण. एकदा मी त्यांना स्पष्टच म्हटलं, "अहो, गाणं तेच असेल तर वरच्या कागदाला एवढं काय महत्त्व? माणूस आतून कसा आहे ते बघावं, कपडे काय बघायचे?" असं वाक्य बोललं की आपण थोडे तुकाराम होतो आणि समोरचा गप्प बसतो, असा माझा अनुभव आहे. मेव्हणे गप्प बसले नाहीत. उठले, देव्हाऱ्याखालून एक रेकॉर्ड काढली आणि माझ्यापुढे धरली.

'महल' चित्रपटाची, १९४९ सालची. मधुबालाच्या तोंडी जे गाणं आहे, ज्याने सगळा देश वेडा झाला, ते. लेबलावर गाणारीचं नाव छापलेलं होतं : कामिनी. आता कामिनी हे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. म्हणजे जी बाई अस्तित्वातच नव्हती ती गायली, आणि जी खरोखर गायली ती वीस वर्षांची मुलगी लेबलावर कुठेच नव्हती. तेव्हा तशीच पद्धत होती. लोकांनी रेडिओला विचारून विचारून हैराण केलं की ही गाते कोण. पुढच्या लेबलांवर नाव आलं : लता मंगेशकर.

"गाणं तेच आहे भावोजी," मेव्हणे म्हणाले. "चर तेच. वरचा कागद तेवढा वेगळा. आता सांगा, फरक आहे की नाही?"

माझ्यातला तुकाराम तिथेच वैकुंठाला गेला.

तेव्हापासून मीही त्या वाटोळ्या कागदांकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागलो. त्या एवढ्याशा वर्तुळात कुणाचं तरी देणं लिहिलेलं असतं, किंवा लिहायचं राहिलेलं असतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान पहिल्यांदा गायली तेव्हा गाण्याच्या शेवटी तिने इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. ते मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाणार होतं. तिथल्या कामगाराने कुठलं लेबल कुठल्या तबकडीला डकवायचं ते त्याला कळावं म्हणून ही दवंडी, असं सांगतात. देशबंधू चित्तरंजन दासांच्या भगिनी अमला दास गायल्या, तर लेबलावर 'मिस दास (अमॅच्युअर)'. म्हणजे घराण्यातली बाई आहे, पैशांसाठी गात नाही, गैरसमज नसावा. आणि तो एच.एम.व्ही.चा कुत्रा! फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकाराने काढला तेव्हा तो ग्रामोफोनपुढे बसलेलाच नव्हता. तो एडिसनच्या धाटणीच्या, नळकांड्याच्या यंत्रापुढे बसला होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनी म्हणाली, ते यंत्र पुसून आमचं काढ, मग चित्र घेतो. बॅरोने वरून रंग मारला. कुत्रा तोच, मालकाचा आवाजही तोच असेल, यंत्र मात्र बदललं. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध लेबलाखाली दुसरं एक लेबल दडलेलं आहे आणि कुत्र्याला त्याचा पत्ता नाही.

पण मला सांगायचंय ते ह्याहून वेगळं आहे. लेबल ज्याला वाचता येतं आणि ज्याला येत नाही, अशी दोन माणसं एका पेटीच्या दोन बाजूंना बसली की काय होतं, हा तो प्रश्न. मोठमोठ्या लोकांनी ह्यावर डोकं खाजवलेलं आहे. मी तो लालबागला पाहिला.

हल्ली गिरगाव, परळ, लालबाग इकडच्या चाळी पाडून टॉवर उभे राहतात. चाळ रिकामी होते तेव्हा आधी माणसं हलतात आणि मग पोटमाळे. पोटमाळ्यावरून जे जे उतरतं, त्यातले जुने कपडे ओळखीच्या बोहारणीकडे आणि बाकीचं भंगारवाल्याकडे जातं. मेव्हण्यांची माणसं जागोजागी पेरलेली आहेत. एकाने निरोप दिला की लालबागला एका चाळीत पेटीभर रेकॉर्डी आहेत, उद्या भंगारवाला नेणार. मेव्हणे निघाले. पेटी उचलायला दुसरा माणूस हवा म्हणून मला बरोबर घेतलं.

आजी पंच्याऐंशीच्या तरी असतील. त्यांच्या यजमानांचा लग्नाचा बँड होता. स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे. वरातीत नवीन चाल लागते, म्हणून बाजारात येईल ती रेकॉर्ड आणायची, चावी देऊन देऊन ऐकायची आणि पोरांकडून बसवून घ्यायची. "इंग्लिशसुद्धा आणायचे हे," आजी म्हणाल्या. "काय ते कळायचं नाय, पण घोडा बरोबर नाचायचा." घोडा म्हणजे नवरदेवाचा. प्रत्येक लेबलावर बँडचा रबरी शिक्का मारलेला, जांभळ्या शाईत. पोरांनी रेकॉर्डी पळवू नयेत म्हणून.

"सगळ्याचे मिळून दोनशे म्हणतो तो भंगारवाला," आजी म्हणाल्या. "तू काय देतोस बाळा?"

सत्तरी गाठलेल्या बाळाने पेटी न बघताच, "प्रत्येकी पन्नास देतो आजी," असं सांगून टाकलं. हा भाव वाईट नव्हता. आजी खूश झाल्या. चहा ठेवला. मेव्हण्यांनी जमिनीवर मांडी घातली आणि एकेक रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. मास्टर कृष्णराव, बालगंधर्व, शाहीर साबळे, मग सिनेमाची दहा-पंधरा, मग भजनं. आणि मग त्यांचे कान लाल झाले. आमच्या मेव्हण्यांचे कान लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी झाले होते तेवढे लाल. मी ओळखलं, काहीतरी निघालं. तपकिरी कागदी पाकिटात, जांभळ्या शिक्क्यासकट, डमडमचा बीटल होता.

त्यानंतर खोलीत साधारण अर्धा मिनिट काही झालं नाही. स्टो तेवढा आवाज करत होता. पन्नास रुपये ठरलेले होते. ते ठरवणारी बाई समाधानी होती. भंगारवाल्याच्या मानाने आम्ही देवदूत होतो. गप्प बसणं एवढंच काम होतं, आणि त्याला कष्ट काहीच नव्हते. मेव्हण्यांनी घसा खाकरला.

"आजी, ही एक जरा महाग आहे."

"किती?"

"चार-पाच हजार तरी यावेत."

माझी अशी समजूत होती की आता आजी मेव्हण्यांच्या डोक्यावरून हात फिरवतील. आजींनी चहाचा स्टो बंद केला, उठून आल्या आणि पेटीचं झाकण लावलं. "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या साध्या आहेत."

"हे तू म्हणतोस."

"अहो आजी, खरंच..."

"मघाशी तर तू सगळ्या पन्नासच्याच म्हणत होतास."

ह्याला उत्तर नाही. तुम्ही विचार करून बघा. खोटं बोलणाऱ्या माणसावर आजींनी विश्वास ठेवला असता, कारण त्याने संशयाला जागाच दिली नसती. ह्या माणसाने स्वतःच सिद्ध केलं की त्याला असं काही दिसतं जे आजींना दिसत नाही. मग तो एवढंच बघून थांबला असेल कशावरून? अखेर असं ठरलं की बाळाने प्रत्येक रेकॉर्डीची किंमत सांगायची आणि आजींच्या पणतूने ती त्याच्या गणिताच्या वहीत उतरवून घ्यायची. तीन तास लागले. मेव्हणे लेबल वाचत होते, पणतू लिहीत होता, मी चहा पीत होतो. शेवटी आजी म्हणाल्या, "आता राहू दे. नातू आला की बघेल," आणि आम्ही पेटी न उचलता जिना उतरलो.

भारतमाताच्या बसस्टॉपवर मेव्हण्यांनी मला विचारलं, "भावोजी, मी सांगितलं ते चुकलं का?"

"सांगितलंत ते बरोबरच," मी म्हटलं. "पण तीन तास?"

"एक सांगितली तर बाकीच्या कशा नाही सांगायच्या?"

खरी मेख इथेच आहे. सांगायला सुरुवात केली की कुठे थांबायचं? हा माणूस वीस-पंचवीस वर्षं भिंग घेऊन बसला, चोरबाजारात उन्हात उकिडवा बसला, वहिनींच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा त्याला हे ज्ञान आलं. वकील ज्ञानाचे पैसे घेतो, डॉक्टर घेतो. संग्राहकाने मात्र फुकट वाटावं? कोळीण मला पापलेट कालचं आहे म्हणून सांगते का? नाही सांगत. पण पापलेटाचा कल्ला उघडून बघायची मला मुभा आहे. न बघता घेतलं तर तो माझा आळस. आजींना उघडून बघायला कल्लाच नाही. त्यांना काळा वाटोळा कागद दिसतो आणि त्यावर आपल्या नवऱ्याचा शिक्का. ह्या दोन अज्ञानांत फरक आहे असं माझं मत आहे, आणि मेव्हण्यांचा तो अर्धा मिनिट त्या फरकातच गेला असावा.

रोमच्या सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी असंच एक कोडं घातलं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं गलबत घेऊन येतो. त्याला ठाऊक आहे की मागून आणखी गलबतं येताहेत. लोकांना ते ठाऊक नाही. सांगावं की चढ्या भावाने विकावं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खोटं बोलू नको म्हणजे झालं. अँटिपेटर म्हणतो, लपवणंही वाईट. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूला झुकतो. आपल्याकडे महाभारतात शांतिपर्वात वाराणसीचा तुलाधार वाणी आहे. जाजली नावाचा तपस्वी त्याच्याकडे धर्म शिकायला जातो, आणि तो सांगतो, माझा तराजू सगळ्यांना सारखा. पण ह्या दोन्ही गोष्टींत शहाणा विकणारा आहे. शहाणा घेणारा आणि भोळी विकणारी, असं प्रकरण व्यासांकडेही मला सापडलं नाही. व्यासांच्या काळी चाळी पडत नव्हत्या.

म्हणून मी शेजारच्या वकीलसाहेबांना गाठलं. ते निवृत्त आहेत. म्हणजे फुकट सल्ला देतात, पण पूर्ण देतात. त्यांनी १८७२ सालचा करार कायदा काढला, कलम सतरा. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्यात म्हटलेलं आहे. दोन व्यापारी सौदा करताहेत आणि एकाला भाव बदलल्याची आतली बातमी आहे, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधलेला नाही. मी म्हटलं, मिटलं. ते म्हणाले, थांबा, अजून आहे. एक माणूस घोडा विकतोय आणि घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे. लिलावात अनोळखी माणसाला विकला आणि काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य. आणि तिसरं : घेणारा म्हणाला, 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धड आहे असं धरीन,' आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलल्यासारखंच.

मी घरी येऊन त्या मुलीच्या दाखल्याचा विचार करत बसलो. कायदा करणाऱ्या इंग्रजाला वाटलं असणार, नातं ही अपवादाची बाब. बाजारात नाती कुठली? त्याने आपला बाजार पाहिला नव्हता. आपल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारायचा तर आधी मावशी जोडावी लागते. रिक्षावाला दादा, भाजीवाला भाऊ, कंडक्टर मास्तर, पलीकडचा म्हातारा काका. नात्याशिवाय आपलं तोंडच उघडत नाही. दिवसभरात एक साधा माणूस पंधरा-वीस लोकांचा पुतण्या, भाचा आणि भाऊ होऊन घरी येतो. बहुतेक वेळा त्या शब्दांत काही नसतं हे मलाही समजतं. मावशी म्हणवून घेऊन ती कुजका कांदा तळाशी घालतेच. पण आजींनी "बाळा" म्हटलं आणि मेव्हण्यांनी "आजी" म्हटलं, तेव्हा कलम सतराच्या कुठल्या बाजूला ते दोघं बसले होते, हे त्या घसा खाकरण्यातून मला ऐकू आलं. त्यांनी त्याला "शेठ" म्हटलं असतं तर? मी हे मेव्हण्यांना विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेठ म्हटलं असतं तर मी आधी वीस रुपये म्हणालो असतो."

पुढे नातू आला आणि त्याने पेटी विकली. वही हातात होती, त्यामुळे कुणाला फसवणं शक्य नव्हतं. आजींना चांगले पैसे आले म्हणे. आमच्याकडे कुणी विचारायला आलं नाही.

चार महिन्यांनी मेव्हणे चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एका दुकानात उभे होते. दुकानदाराने "आइए सेठ" म्हणून आतून तपकिरी पाकीट काढलं. लेबल पार्लोफोनचं, आणि त्याच्यावर जांभळा रबरी शिक्का, लालबागचा. आठ हजार सांगितले. शिक्क्याने लेबल खराब झालं आहे, संग्राहकांत अशा प्रतीला मान नाही, हे दोघांनाही माहीत होतं. दुकानदार स्वतःहूनच सातवर आला. मेव्हण्यांनी घासाघीस केली नाही. रेकॉर्ड घेतली आणि सरळ गिरगावात घरी आले. मी तिथेच बसलो होतो. आणि मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं, ते भिंग न काढता त्यांनी पोटमाळ्यावरून चावीचा फोनो उतरवला, सुई लावली आणि ती रेकॉर्ड वाजवली. पुष्कळ खरखर होती. त्या चालीवर घोडा कसा नाचत असेल ह्याचा अंदाज येत होता.

वहिनी आतून हात पुसत आल्या. "केवढ्याला?"

मेव्हणे फोनोकडे बघत राहिले.

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत," वहिनी म्हणाल्या, "तर मी पाच हजारांच्या वर धरते."

मेव्हणे गप्प. मी वकीलसाहेबांचा तिसरा दाखला आठवत चपला शोधू लागलो.